आधी मुलं, मग तंबू

कंबोडियातल्या अंगकोरला गेलेला माणूस बायोनच्या देवळात चेहरे बघायला जातो. मनोऱ्यांवरचे ते भलेमोठे, ओठ मिटून हसणारे दगडी चेहरे. मीही त्यासाठीच गेले होते. पण डिसेंबर असूनही दुपारचं ऊन डोळ्यांना सोसेना, म्हणून भाचीला घेऊन खाली आले. बाहेरच्या ओवऱ्यांचं छप्पर कधीच पडलंय, उत्तरेकडच्या भिंतीला मात्र सावली होती. तिथे टेकायला जागा शोधताना एका जागी पाय थबकले. भिंतीवर एक माणूस उताणा पडून पायांवर चाक फिरवतोय. जवळच एक धिप्पाड गडी एक पोर डोक्यावर आणि दोन पोरं दोन हातांवर तोलून उभा आहे. सातव्या जयवर्मन राजाच्या काळातलं हे कोरीवकाम, म्हणजे बाराव्या शतकाची अखेर किंवा तेराव्याची सुरुवात. लढाया, हत्ती, बाजार, कोंबड्यांच्या झुंजी अशा सगळ्या गजबजाटात कुणा पाथरवटाला सर्कसही कोरावीशी वाटली होती.

"मावशी, ही मुलं कुणाची गं?" भाचीने विचारलं.

त्या गड्याचीच असतील, असं मी काहीतरी उत्तर दिलं. पण प्रश्न मनात राहिला. सर्कस म्हटली की आपण तंबू बघतो, झोपाळे बघतो, विदूषक बघतो. मनोऱ्याच्या अगदी वर उभं राहणारं पोर कुणाचं, ते तिथवर कसं पोचलं, हे कोण विचारतं?

त्याच संध्याकाळी आम्ही सिएम रीप गावातल्या 'फार'च्या तंबूत बसलो होतो. फार हा फ्रेंच शब्द, अर्थ दीपस्तंभ. पूर्ण नाव फार पोनलू सेलपक, म्हणजे कलेचा उजेड. तंबू लहान आहे. प्राणी नाहीत, झगमगते कपडे नाहीत, चाबूक घेऊन फिरणारा रिंगमास्तर नाही. रिंगणाच्या एका कडेला वादक बसतात. लाकडी पट्ट्यांचं रोनिअत, ढोल, आणि सोबत आजची वाद्यंही. दुसऱ्या कडेला एक चित्रकार उभा असतो. खेळ चालू असतानाच तो मोठ्या कापडावर रंगाचे फटकारे मारत जातो आणि खेळ संपतो तेव्हा त्याचं चित्रही पुरं झालेलं असतं.

खरं सांगायचं तर मनातून मला धास्ती होती. 'निर्वासित', 'रस्त्यावरची मुलं', 'नरसंहार' हे शब्द मी तिकीट काढतानाच वाचले होते. असे शब्द वाचले की आपल्याला खेळ बघायला बोलावलंय की हळहळायला, अशी शंका येते. हळहळ दाखवून माणूस स्वतःला फार लवकर चांगलं म्हणून घेतो. मला ते नको होतं, आणि भाचीला तर ते मुळीच शिकवायचं नव्हतं.

पहिल्या दहा मिनिटांत ती धास्ती गेली. त्या रात्री 'सोखा' हा खेळ होता. सोखा ही शिक्षिका. डोळे मिटले की तिला शाळकरी वयातले ख्मेर रूजचे, म्हणजे त्या कट्टर कम्युनिस्ट राजवटीचे, दिवस दिसतात. गोष्ट एवढीच, पण ती शब्दांत सांगत नाहीत. ती उड्यांत, तोल सांभाळण्यात, माणसांवर माणसं चढण्यात सांगतात. साध्या सुती चड्डीतली, अनवाणी पोरं. रिंगण इतकं जवळ की खालच्या माणसाच्या मानेची शीर ताठरलेली दिसते, वरच्याने पाय ठेवला की खालच्याच्या खांद्यावरची कातडी सरकलेली दिसते.

मधे एकदा तीन थरांचा मनोरा होता. दोघे एकमेकांच्या खांद्यावर उभे, आणि तिसऱ्याने फळीवरून उडून वरच्याच्या खांद्यावर उतरायचं. तो उडाला, पाय टेकला, निसटला. तोंडून आवाज निघायच्या आत भोवतालच्या चौघांनी त्याला हातांवर घेतलं होतं. मला वाटलं, आता हा भाग गाळून पुढे जातील. पण ढोलवाल्याने तोच ठेका पुन्हा पहिल्यापासून धरला. पोरगा पळत फळीपाशी गेला. दुसऱ्यांदा तो टेकला, दोन क्षण उभाही राहिला, आणि पुन्हा कलंडला. पुन्हा ते चार हातांचे जोड खाली हजर. तंबूतला कुणीही हसलं नाही. भाचीने माझं मनगट घट्ट धरलं होतं. ढोल पुन्हा पहिल्या ठेक्यावर आला. तिसऱ्यांदा तो वर उभा राहिला, तेव्हा सगळ्यात खालच्या माणसाच्या चेहऱ्यावर जे हसू फुटलं ते मी विसरणार नाही. त्याला वर काय झालं ते दिसत नव्हतं. खांद्यावरच्या भारावरूनच त्याला कळलं होतं.

मुक्कामावर परतून मी वाचायला बसले आणि पुढे कित्येक महिने वाचत राहिले. ही सर्कस निघाली कशी, या एका प्रश्नासाठी.

तिची सुरुवात सर्कशीने झालेली नाही. झाली ती कागद-पेन्सिलीने, आणि तीही देशाबाहेर, तारेच्या कुंपणाआड.

१७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूजच्या फौजा राजधानी नोम पेन्हमध्ये शिरल्या. काही दिवसांत अख्खं शहर रिकामं केलं गेलं. चलन रद्द झालं, शाळा बंद झाल्या, घरचं जेवण बंद झालं, कारण जेवायचंही सामुदायिक पंगतीतच. मुलांना आईबापांपासून तोडलं आणि त्यांच्यावर नजर ठेवायला शिकवलं. पावणेचार वर्षांत सतरा ते वीस लाख माणसं गेली, म्हणजे देशात दर चार-पाच माणसांमागे एक. गाणारे, नाचणारे, वाजवणारे, शिकवणारे, चष्मा लावणारेसुद्धा आधी गेले. बात्तामबांग प्रांतातली रोस सेरे सोथिआ ही गायिका त्याआधी घराघरातल्या रेडिओवर गायची. तिचा शेवट कुठे झाला याचा आजवर पत्ता नाही. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी फौजांनी ती राजवट उलथवली आणि जगलेली माणसं थायलंडच्या सीमेकडे चालू लागली.

सीमेवरच्या छावण्यांतली सगळ्यात मोठी म्हणजे 'साइट टू'. १९८५ मध्ये ती वसली. जेमतेम साडेसात चौरस किलोमीटर जागेत दीड लाख, पुढे जवळपास दोन लाख माणसं. बांबूच्या झोपड्या, टँकरने येणारं पाणी, अधूनमधून तोफांचे गोळे, आणि बाहेर पडायला बंदी. धान्य लढणाऱ्या गटांच्या हाती पडू नये म्हणून रेशन बायका-मुलींच्याच हाती दिलं जाई. तिथल्या मुलांना भात कुठून येतो असं विचारलं तर ती म्हणत, ट्रकमधून. ही आठवण तिथे काम केलेल्या लोकांकडून पुन्हा पुन्हा सांगितली गेली आहे. शेतकऱ्यांची मुलं ती. भाताच्या कोठारासारख्या प्रांतातून आलेल्यांची. आणि त्यांनी भाताचं रोप पाहिलेलं नव्हतं. छावणीतल्या हालांची कितीतरी वर्णनं मी वाचली, पण या एका उत्तरापाशी मी पुस्तक मिटून बसले.

त्या छावणीत १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात वेरोनिक देक्रो ही फ्रेंच शिक्षिका मुलांना चित्रकला शिकवू लागली. एवढंच. अन्न नव्हे, औषध नव्हे, चित्रकला. अशा ठिकाणी चित्रकला म्हणजे चैन, असं कुणाला वाटलं असेल तर त्यात नवल नाही, मलाही आधी वाटलं. पण विचार करा. जो मुलगा पाहिलेलं सांगू शकत नाही, ज्याच्या घरी कुणी कुणाला काही विचारत नाही, कारण विचारलं की सगळेच रडतील, त्याला कुणीतरी कागद देतं आणि म्हणतं, काढ. काय काढायचं ते तुझं तू ठरव. छावणीत त्याचं तो ठरवू शकेल अशी दुसरी कुठली गोष्ट होती? पाणी किती मिळणार, तांदूळ किती मिळणार, कुठवर चालायचं, सगळं दुसऱ्याने ठरवलेलं. कागदाच्या चार कडांच्या आत मात्र त्याचं राज्य.

त्या वर्गात बसणाऱ्यांपैकी नऊ मुलं पुढे या गोष्टीची नायक होतात. स्रेय बांदाउल, खुन देत, तोर वुथा, स्वाय सारेथ आणि त्यांचे सोबती.

ऑक्टोबर १९९१ मध्ये पॅरिसला शांतता करार झाला आणि १९९२-९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सीमेवरच्या सुमारे ३ लाख ६० हजार माणसांना परत नेलं. आधी जमीन द्यायचं ठरलं होतं. पण चांगल्या जमिनीत सुरुंग पेरलेले होते, देण्याजोगी जमीन पुरेना. मग दुसरा पर्याय निघाला, रोख रक्कम. मोठ्या माणसाला ५० डॉलर, लहान मुलाला २५. बहुतेकांनी तोच घेतला.

'परत नेलं' हा शब्द मी लिहिला खरा, पण या मुलांच्या बाबतीत तो बसत नाही. ज्याने जाणत्या वयात गाव पाहिलंच नाही तो परत कुठे जाणार? आईबापांच्या बोलण्यात जे गाव होतं तिथे आता दुसरीच माणसं राहत होती. आणि गावातल्यांच्या नजरेत हे छावणीवाले, म्हणजे इतकी वर्षं फुकटचं खाऊन आलेले. परतलेल्या माणसाला घरच्यांनी परकं मानावं, यापरता एकटेपणा नाही.

मग त्या नऊजणांनी काय केलं? विशी नुकतीच ओलांडलेली ही पोरं. १९९४ मध्ये बात्तामबांग शहराच्या कडेला त्यांनी चित्रकलेचा वर्ग सुरू केला.

या जागी मी फार वेळा परत आले आहे. त्यांना नोकरीची गरज होती, घराची होती, जमिनीची होती. आणि त्यांनी काढला वर्ग. मला वाटतं, आयुष्यात ज्याला घर म्हणावं अशी एकच जागा त्यांना माहीत होती, ती म्हणजे तो छावणीतला वर्ग. छावणी बंद झाली, बांबूच्या झोपड्या मोडल्या, वर्गही गेला. लोक पाडलेलं घर पुन्हा बांधतात, तसा त्यांनी मोडलेला वर्ग पुन्हा भरवला. संस्था स्थापन करणं वगैरे शब्द नंतरचे. तेव्हा ते फक्त आपल्या घरी परत गेले होते.

बात्तामबांगच्या नावाचीही एक गोष्ट आहे. बात म्हणजे हरवलेली, दामबांग म्हणजे काठी. राजाची जादूची काठी इथे हरवली, म्हणून हे नाव. शहरात शिरताना चौकात तो काळा, गुडघ्यावर बसलेला राजा हातात काठी आडवी धरून दिसतो. हरवलेल्या वस्तूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावात या मुलांनी आपलं बिऱ्हाड मांडावं, हे मला उगीचच जवळचं वाटतं.

वर्गात मुलं येऊ लागली ती मात्र यांच्यासारखी नव्हती. एका जागी बसून तासन् तास रेघा ओढणारी नव्हती. कचरा वेचणारी होती, बापाच्या दारूला कंटाळून पळालेली होती, सीमेपलीकडे भीक मागायला नेलेली आणि तिथून सुटून आलेली होती. त्यांचं मन हातात यायच्या आधी अंग हातात यायला हवं होतं. मारामाऱ्या करणारी, भिंतीवरून उड्या मारणारी, आणि कुणी खांद्यावर हात ठेवला तर दचकणारी. अशा मुलाला कागद पुढे करून काय होणार?

१९९८ मध्ये सर्कस सुरू झाली. नऊजणांपैकी खुन देत याने ती उभी केली. कंबोडियात सर्कशीची शिकवणी तोवर अगदीच नव्हती असं नाही. १९८०च्या दशकात नोम पेन्हमध्ये ती पुन्हा सुरू झाली होती, सोव्हिएत आणि व्हिएतनामी उस्तादांच्या हाताखाली तिथे एक पिढी तयार झाली होती. आणि बायोनच्या भिंतीवरचा तो चाकवाला तर आठशे वर्षांपासून होताच. दुसऱ्या बाजूने फ्रान्समधून नव्या सर्कशीचं वारं येत होतं. तिकडे १९७०च्या दशकापासून प्राण्यांविना, गोष्ट सांगणारी, नाटकाजवळ जाणारी सर्कस रुजत होती, आणि ज्या १९८५ साली इकडे साइट टू वसली त्याच वर्षी तिकडे शालोंमध्ये राष्ट्रीय सर्कस विद्यालय स्थापन झालं. फ्रेंच कलावंत बात्तामबांगला येऊन शिकवू लागले, पुढे इथली मुलं युरोपात खेळ करून आली. हे सगळं खरं, महत्त्वाचं, पण माझं मन या देवघेवीच्या इतिहासापेक्षा त्या पहिल्या मुलांपाशी जास्त रेंगाळतं.

कारण सर्कशीत एक गोष्ट अशी आहे जी चित्रकलेत नाही. चित्र एकट्याला काढता येतं. मनोरा एकट्याला रचता येत नाही. वर चढणाऱ्याला खालच्याच्या मानेवर पाय द्यावा लागतो आणि खालच्याला ते सोसावं लागतं. उलटी उडी मारणाऱ्याला दीड क्षण काहीच दिसत नसतं. त्या दीड क्षणात खाली हात असतील, हे त्याने धरूनच चालायचं. आता हे त्या देशात ठेवून बघा, जिथे एका पिढीला शिकवलं होतं की शेजाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस, भावावर ठेवू नकोस, पोटच्या पोरावरही ठेवू नकोस. तिथे एक दहा वर्षांचा मुलगा डोळे मिटून मागे झोकून देतो. कितव्या दिवशी देत असेल? पहिल्या दिवशी नक्कीच नाही. त्या मधल्या दिवसांना मी फारची स्थापना म्हणेन. कागदोपत्री वर्ष कुठलंही असो.

या मुलांना कुणी आधी बसवून 'तुझं दुःख सांग' म्हटलं असतं तर ती पळाली असती. इथे दुःखाचं नावही न काढता काम चाललं होतं. गुडघा सरळ ठेव. पोट आत घे. त्याच्या खांद्याकडे बघ, पायाकडे नको. पुन्हा. ज्याच्या अंगाला फक्त माराचीच सवय त्याला रोज कुणीतरी धरतंय, तोलतंय, अलगद खाली ठेवतंय. शिकवणी सर्कशीची होती, पण अंग दुसरंच काही शिकत होतं.

पहिल्या वर्षांत मुलांना शिकवून पोट भरत नव्हतं, हे उघड आहे. शिक्षण फुकट होतं, आजही आहे. पैसा देणग्यांतून यायचा आणि देणग्यांचा काही भरवसा नसतो. तरी वर्गाला वर्ग जोडले गेले. संगीत आलं, नाटक आलं, पुढे छपाईसाठी चित्रं आणि ॲनिमेशन आलं. त्याच आवारात सरकारी शाळा उभी राहिली, म्हणजे सकाळी अक्षरं आणि दुपारी कोलांट्या. आज हजाराहून जास्त मुलं तिथे येतात.

मग मुलं मोठी झाली, आणि इथे एक अडचण आली, जी मला फार खरी वाटते. आपण मुलाला उत्तम कसरत शिकवली. अठराव्या वर्षी तो म्हणतो, आता? कसरतीच्या जिवावर पोट भरायला देशात जागाच नाही. म्हणजे तो परत वीटभट्टीवर किंवा सीमेपलीकडे मजुरीला जाणार, तेवढ्याचसाठी का आपण त्याला हवेत फिरायला शिकवलं? फेब्रुवारी २०१३ मध्ये सिएम रीपला रोजचा खेळ सुरू झाला तो या प्रश्नाचं उत्तर म्हणून. अंगकोर बघायला जगभरातून येणारी माणसं संध्याकाळी रिकामी असतात. त्यांना तिकीट लावायचं, कलावंतांना पगार द्यायचा, नफा उरला की बात्तामबांगच्या शाळेला.

सर्कशी सहसा कशा निघतात? एखाद्या धाडसी माणसाला कल्पना सुचते, तो पैसा उभारतो, तंबू घेतो, मग कलावंत शोधतो, आणि गरज पडली तर मुलं. फारमध्ये हा क्रम पुरता उलटा आहे. आधी मुलं. मग मुलांसाठी वर्ग. मग वर्गात न बसणाऱ्या मुलांसाठी सर्कस. मग सर्कस शिकलेल्यांसाठी तंबू. आणि तंबूसाठी तिकीट, तेही पहिल्या वर्गानंतर तब्बल १९ वर्षांनी. त्या रात्री रिंगणात जे जाणवलं आणि ज्याला मला नाव देता येत नव्हतं ते हेच असावं. तिथल्या कुणालाही खेळाकरता आणलेलं नव्हतं, खेळच त्यांच्याकरता आणलेला होता. आणि म्हणूनच तिथे हळहळ मागावी लागत नाही. तिकीट घ्या, खेळ बघा, आवडला तर टाळ्या वाजवा. एवढा सरळ व्यवहार मी भल्याभल्या परोपकारी संस्थांत पाहिलेला नाही.

नऊजणांच्या वाटा पुढे वेगवेगळ्या झाल्या. स्वाय सारेथ फ्रान्सला जाऊन शिकला, मोठा कलावंत झाला. २०११ मध्ये त्याने धातूचा ८० किलोंचा पोकळ गोळा दोरीने ओढत सिएम रीपहून नोम पेन्हपर्यंत नेला, सुमारे २५० किलोमीटर, सहा दिवस. त्या चालण्याची छायाचित्रं बघताना मला छावणीकडे चालणाऱ्यांच्या रांगा आठवल्या. स्रेय बांदाउल मात्र शिकवतच राहिला. कंबोडियातल्या आजच्या कित्येक चित्रकारांचा तो गुरू.

२०२० मध्ये साथ आली आणि अंगकोर ओस पडलं. पर्यटकच नाहीत तर तिकीट कोण घेणार? कलावंत गावी गेले, कुणी मिळेल ते काम धरलं. अशा दिवसांत, मार्च २०२१ मध्ये, बात्तामबांगच्या आवारात त्यांनी सलग खेळ लावला. दिवस गेला, रात्र गेली, पुन्हा दिवस उजाडला. २४ तास, १० मिनिटं आणि ३० सेकंद. सर्वांत लांब चाललेला सर्कशीचा खेळ म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. विक्रमांचं मला एरवी कौतुक नसतं. पण पहाटे तीन वाजता रिंगणात उतरणाऱ्या त्या पोरांचा विचार करते, आणि त्यांच्याखाली जागे राहून उभे असलेल्यांचा, तेव्हा हा आकडा मला तोंडपाठ का आहे ते कळतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्रेय बांदाउल कोविडने गेला. पन्नाशीही गाठली नव्हती त्याने.

पुढच्या खेपेला मी बात्तामबांगला गेले. तेव्हाही भाची सोबत होती, एव्हाना माझ्या खांद्याला लागलेली. सिएम रीपहून तोनले साप तळ्याला वळसा घालून रस्ता जातो, तीन-साडेतीन तासांचा. दोन्ही बाजूंना भातशेती, ताडाची झाडं. मी तिला छावणीतल्या मुलांची ट्रकची गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही, पण पुढे बराच वेळ खिडकीबाहेर शेताकडे बघत राहिली.

दुपारचे चार वाजले असतील. फारच्या आवारात मोठ्या छपराखाली सराव चालला होता. एका कोपऱ्यात चित्रांच्या वर्गातली मुलं सरावाचीच चित्रं काढत बसली होती, मान वर करून बघायची, मान खाली घालून काढायची. चटया झिजलेल्या, कडांना उसवलेल्या. कुणी आमच्याकडे फारसं बघितलं नाही, आणि ते बरं वाटलं.

अगदी कडेच्या चटईवर सात-आठ वर्षांची एक मुलगी हातांवर उभी राहायला शिकत होती. तिच्याहून थोडी मोठी एक मुलगी शेजारी उकिडवी बसली होती, एक हात त्या छोटीच्या पोटऱ्यांपासून बोटभर दूर धरून. लावत नव्हती, नुसता धरून होती. आणि मोजत होती. मुय, पी, बेइ, बुअन, प्राम.

ख्मेर भाषेत नऊपर्यंत मोजायला पाचच वेगळे आकडे आहेत. सहा म्हणजे पाच-एक, सात म्हणजे पाच-दोन. पाच झाले की पुन्हा एकपासून, पण पाच हाताशी ठेवून.

छोटीचे दंड थरथरायला लागले. प्राम-मुय. चेहरा लाल झाला. प्राम-पी म्हणेपर्यंत कंबर वाकली आणि ती धप्पकन चटईवर आली. मोठीने तिच्याकडे बघितलंही नाही. आपला हात हवेत होता तिथेच ठेवला. छोटीने कपाळावरचे केस कानामागे सारले, तळवे चड्डीला पुसले, चटईवर टेकवले, आणि पाय वर घेतले.

"मुय," मोठी म्हणाली.